हाँगकाँगला येण्याआधी: 'म्-कॉय' की 'तॉ-चे'?

तुम्ही लिहिलंय की महिन्याभरात हाँगकाँगला यायचंय, अ‍ॅपवरून तिथल्या कॅन्टोनीज भाषेतलं 'नेई हो मा' (कसे आहात?) पाठ झालंय, आता पुढे काय शिकू? अकरा वर्षं इथे राहून सांगते, 'नेई हो मा' आमच्या इमारतीत मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. सकाळी लिफ्टमध्ये 'चो-सन', आणि ओळख असली की 'सिक्-चॉ-फान-मेई?' म्हणजे 'जेवलात का?' काय जेवलो हे सांगत बसायचं नसतं, आपल्याकडच्यासारखंच. (सगळे च 'चोर'मधले, 'चहा'मधले नव्हेत.)

खरी मेख आभारात आहे. कुणी दार धरलं, पाणी आणून दिलं, तर 'म्-कॉय'. भेट दिली, जेवू घातलं, तर 'तॉ-चे'. पहिल्या वर्षी शेजारच्या आजींनी मूनकेक दिले आणि मी तोंडभरून 'म्-कॉय' म्हटलं. डबा हातात ठेवता ठेवता त्या हळूच 'तॉ-चे' म्हणाल्या, नातवाला शिकवतात तसं.

पण 'म्-कॉय' दिवसभर लागतो. वेटरला हाक मारायला तोच, गर्दीत वाट मागायला 'म्-कॉय चे-चे'. लाल मिनीबसमधून उतरायचं तर आधीच मोठ्याने 'याऊ-लॉक्, म्-कॉय!' ओरडायचं. ड्रायव्हर नुसता हात वर करतो, म्हणजे ऐकलं. सुरुवातीला माझा आवाजच फुटेना, दोनदा भलतीकडे उतरून चालत आले.

रोमन स्पेलिंगवर जाऊ नका. ज्युतपिंग या कॅन्टोनीज रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धतीतला जी म्हणजे आपला क आणि के म्हणजे ख. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. हा फरक आपल्या जिभेला फुकट मिळालाय. सूर मात्र सहा आहेत, तिथे घाम फुटतो. 'माय' खालून वर चढवला तर विकत घेणं, खालीच सपाट ठेवला तर विकणं. भाजीवालीला मी बरेच दिवस पालक 'विकत' होते.

वाक्याच्या शेपटाकडे कान ठेवा. शेवटी खालून चढणारा 'वॉ' आला की तो चक्क आपला 'म्हणे'. 'म् लेई वॉ': येत नाही म्हणे. इंग्रजीतून शिकणारे इथे अडखळतात, आपण नाही.

शाकाहारी असाल तर 'सिक्-चाय' सांगा. पण ते बौद्ध पद्धतीचं, त्यात कांदा-लसूणही बाद. आणि त्या 'चाय'चा चहाशी संबंध नाही. चहा म्हणजे 'छा'. दुधाचा हवा तर 'नाय-छा' मागा, मालवणी माणूस बरोबर असेल तर त्याला आधी समजावून ठेवा.