तापात अँटिबायोटिक का दिलं नाही?

प्रश्न : गेल्या महिन्यात माझ्या मुलाला डेंग्यू झाला. डॉक्टरांनी फक्त पॅरासिटामॉल दिलं. त्याआधी हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून चालत आलेल्या माझ्या दिरांना ताप आला, तेव्हा डॉक्सीसायक्लिनने ते बरे झाले. मग मुलाला अँटिबायोटिक का नाही? पाचव्या दिवशी ताप उतरला, म्हणून त्याला लगेच क्लासला पाठवलं. चाललं ना? – एक वाचक, लालबाग

उत्तर : ताई, तुमच्या डॉक्टरांचं बरोबर होतं. दिरांना बहुधा लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, झाला असावा. उंदराचं मूत्र मिसळलेल्या पाण्यातून तो जिवाणू पायाच्या जखमेवाटे आत शिरतो आणि त्याच्यावर डॉक्सीसायक्लिन चालतं. डेंग्यू विषाणूचा. विषाणू आपल्याच पेशीत घुसून तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. अँटिबायोटिक जिवाणूच्या ज्या भागांवर घाव घालतं, ते विषाणूत नसतातच. मलेरियाचं औषध आणखी निराळं. पावसाळ्यात मुंबईत हे तिन्ही ताप सुरुवातीला सारखेच दिसतात, म्हणून रक्त तपासायचं.

मला काळजी वाटली ती क्लासची. डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, रक्त घट्ट होतं, बीपी पडू शकतं. पुढचे २४ ते ४८ तास मूल डोळ्यांसमोर हवं. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, गुंगी, यातलं एक जरी दिसलं तरी थेट हॉस्पिटल गाठायचं. माझ्याकडे येणारे नातेवाईक फक्त प्लेटलेट विचारतात. मी हिमॅटोक्रिटही बघते, कारण रक्त किती घट्ट झालंय ते त्यावरून कळतं. अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मात्र चुकूनही देऊ नका, रक्तस्राव वाढतो.

गॅलरीतलं पिंप नुसतं रिकामं करून भागत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची काळी, बारीक अंडी पाण्याच्या रेषेवर आतून चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. आठवड्यातून एकदा पिंप काथ्याने घासा, वर घट्ट झाकण ठेवा. हा डास दिवसा चावतो, तेव्हा रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबू नका.

आणि मुलाचा रिपोर्ट जपून ठेवा. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराने गाठलं तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. पुढे कधी ताप आला, तर डॉक्टरांना हे आधी सांगा.