आत्याबाई लस देऊ देईनात

कोविडपासून एक प्रश्न काही थांबत नाही. घरातलं मोठं माणूस मोबाईलवरचे व्हिडिओ बघून लेकराला लस देऊ देत नाही, त्यांना समजवायचं कसं? माझ्याकडं येणाऱ्या बऱ्याचजणींची तयारी एकच असते, मॅडम तुम्ही फक्त चांगले पुरावे द्या, नेऊन तोंडावर मारते. त्या सगळ्यांना मी बीड जिल्ह्यातल्या एका घराचं सांगते (ओळखीच्या खुणा बदलल्यात).

ऊसतोडीचं घर. एप्रिलमध्ये उसाच्या फडावरून परत आले तेव्हा लेकरू अकरा महिन्यांचं होतं आणि नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस राहिलेली, कारण तेव्हा हे सगळे कर्नाटकात कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. गावात आल्यावर आशाताई घरी आल्या तर आत्याबाईंनी, म्हणजे सासूनं, दारातूनच वाटं लावलं. सून म्हणाली, "त्या म्हणायल्यात ही सुई दिली की मोठेपणी पोराला लेकरंच होत नाहीत. धाकट्या दिरानं पुण्याहून व्हिडिओ पाठवलाय." मी म्हणलं, त्यांनाच घेऊन ये.

आल्या. बसायच्या आधीच, "कामून बलवलं बाई? सुई द्यायला लावायला ना?"

व्हिडिओचा विषय मी काढलाच नाही. म्हणलं मावशी, दवाखान्याचा कधी वाईट अनुभव आलाय का? तर त्यांनी ओटीपोटावर हात ठेवला न् म्हणाल्या, "पिशवी काढली माझी. सत्तावीसची असंन." अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची, म्हणून तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात गेल्या, तिथं सोनोग्राफी केली आणि सांगितलं की पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल. पैसे नव्हते, मुकादमाकडून उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतली, ऑपरेशन झालं आणि टाके नीट वाळायच्या आत परत फडावर, कारण खाडा पडला की पैसे कापतात. तेव्हापासून कंबर गेली ती गेलीच. "तवाबी डॉक्टर असाच गोड बोलला व्हता," म्हणाल्या.

हे एकट्या त्यांचं नाही. २०१९ मध्ये सरकारनं समिती नेमली, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शिवाय गावातल्या म्हाताऱ्यांना आणीबाणीतली नसबंदी अजून आठवते. आता अशा घरात 'लसीनं वंश बुडतो' असा व्हिडिओ आला तर तो खरा वाटणार नाही तर काय होईल? व्हिडिओ बनवणाऱ्यानं खोटंच सांगितलं, पण भीती घरात आधीपासून होती. आपण मात्र लगेच 'अडाणी' म्हणून मोकळे होतो, मला ह्याचा फार राग येतो.

मी त्यांना एवढंच म्हणलं की तुम्हाला घाबरवून ऑपरेशन केलं असेल तर ते चुकीचंच होतं, तुमचा राग बरोबर आहे. 'पण' वगैरे काही जोडलं नाही. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "मंग ह्या सुईत अन् त्याच्यात काय फरक हाय? फुकट कामून देतेत? आशाला पैसे भेटत असतील."

भेटतात की. लेकराच्या पहिल्या वर्षाच्या लसी पूर्ण झाल्या की आशाताईला शंभर रुपये मिळतात, मी आकडाच सांगितला. त्या हसल्या, "शंभरच?" हे लपवलं असतं आणि नंतर त्यांना दुसरीकडून कळलं असतं तर माझं बाकीचं सगळंच खोटं ठरलं असतं.

मग विचारलं, तुमच्या सुनेला लहानपणी काय काय दिलं होतं? सून सोबत होतीच, तिनं आईला फोन लावला. पोलिओचे थेंब तर घेतलेच होते, गोवराची सुईपण दंडावर घेतलेली. पल्स पोलिओ १९९५ ला सुरू झाला तेव्हाही थेंबांनी मूल होत नाही हीच अफवा होती, गोवराची लस तर सरकारी कार्यक्रमात १९८५ पासून आहे. ती घेतलेली बाई समोर बसलीय आणि तिच्याच मांडीवर हे लेकरू. मावशींनी एकदा सुनेकडं बघितलं, एकदा नातवाकडं, आणि म्हणाल्या, "हां, हे खरंय."

पण खरी अडचण तापाची होती. साडेतीन महिन्यांच्या लसीनंतर लेकराला ताप आला, मांडीला गाठ आली, आणि तो येऊ शकतो हे घरात कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून ह्यावेळी आधीच सांगितलं: गोवराची लस म्हणजे दुबळा केलेला विषाणू, त्यामुळं ताप किंवा बारीक पुरळ आलं तर साधारण आठवडा-दीड आठवड्यानं येतं, आपोआप जातं. लस दिल्यावर अर्धा तास तिथंच बसा, आधी कुठल्या लसीची जोरात ॲलर्जी आली असेल तर सिस्टरला सांगा. लगेच हो नाही म्हणाल्या. नंतरच्या सत्राला मात्र स्वतः लेकरू घेऊन गेल्या आणि सिस्टरकडून बाटलीवरची तारीख वाचून घेतली!

धाकट्या दिराशी मी फोनवर बोलले. त्याचं म्हणणं, लसीनं ऑटिझम होतो हे इंग्लंडच्या डॉक्टरनं सिद्ध केलंय. अँड्र्यू वेकफिल्डचा तो पेपर १९९८ चा, फक्त १२ मुलांवरचा, २०१० मध्ये तो छापणाऱ्या लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकानंच तो मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशनही काढून घेतलं, हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कंपन्यांनीच काढायला लावलं." तो काही हलला नाही, आणि मीही फार ताणलं नाही, लेकराचा निर्णय त्याच्या हातात नव्हता.

सुनेला मी पुढचं लिहून दिलंय. सप्टेंबरात सोळा महिने भरतात, म्हणजे ऊसतोडीची टोळी निघायच्या आधी गोवर-रुबेलाचा दुसरा डोस उरकून घ्यायचा. त्याच दिवशी डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा) बूस्टर पण असतो आणि त्याचा ताप लगेच, त्याच रात्री येऊ शकतो. ते आत्याबाईंना आदल्या दिवशीच सांग, आणि तापाची गोळी किती द्यायची ते सिस्टरकडून त्यांच्यासमोरच विचारून घे.