पिशवी काढली म्हणून बाईपण संपतं का?

प्रश्न : वय ४६. गाठींमुळे अंगावरून फार जायचं, म्हणून पाच महिन्यांपूर्वी पिशवी काढली. अंडाशयं ठेवली आहेत. जाऊबाई म्हणतात, ‘सुटलीस, आता ते सगळं संपलं.’ यजमान तेव्हापासून बाहेरच्या खोलीत झोपतात. मला मात्र अजून इच्छा होते आणि त्याची लाज वाटते. माझं बाईपण संपलं का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नाही ताई, मुळीच नाही.

पिशवीचं काम गर्भ वाढवण्याचं. इच्छा तिच्यात राहत नाही. ती मेंदूत जागते, अंडाशयांतून येणारी संप्रेरकं तिला बळ देतात, आणि तुमची अंडाशयं शाबूत आहेत. सुखाचं मुख्य इंद्रिय, क्लिटोरिस, त्याला तर या ऑपरेशनमध्ये हातही लागत नाही. पिशवीचं आकुंचन जाणवायची सवय असलेल्या काही जणींना सुखाचा शेवट थोडा वेगळा वाटतो, एवढं खरं. पण महिनोन्‌महिने रक्तस्राव सोसलेल्या कितीतरी बायका मला सांगतात, की आता धास्ती नाही, जवळ जाणं सोपं झालं.

लाज कसली? वाचकांच्या अशाच प्रश्नांना ‘समाजस्वास्थ्य’ या आपल्या मासिकातून उत्तरं दिली म्हणून संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर खटला भरला गेला. १९३४ साली उच्च न्यायालयात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. तेव्हापासून आजवर आपण बायकांना हेच शिकवत आलो, की मुलं झाली, पाळी गेली, की शरीराचं खातं बंद. याचा मला राग येतो. आरशात स्वतःला न्याहाळावंसं वाटणं, कुणी जवळ घ्यावंसं वाटणं, ही तुमची ओळख आहे. ती पिशवीबरोबर कशी जाईल?

आता यजमानांचं. तुमचं त्यांच्याशी बोलणं झाल्याचं पत्रात दिसत नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक नवरे बायको बाहेर गेली की हळूच विचारतात, ‘मॅडम, आतले टाके उसवणार नाहीत ना?’ घरी हे विचारत नाहीत, वेगळे झोपतात. आतली जखम साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते. तुमचे पाच महिने झालेत. एकदा तपासून घ्या, पण त्यांना बरोबर न्या आणि ‘संबंध ठेवायला हरकत नाही ना?’ हा प्रश्न त्यांच्यासमोरच विचारा. कोरडेपणा वाटला तर औषधाच्या दुकानात ओलावा देणारी, पाण्यात बनवलेली (वॉटर-बेस्ड) जेल मिळते. तरीही दुखलं किंवा रक्त दिसलं तर थांबा आणि पुन्हा दाखवा.

जाऊबाईंना उत्तर द्यायलाच हवं असं नाही.