व्हीलचेअरवरील व्यक्तींसमोरचे अडथळे दूर करण्यासाठी सरकार नेमके काय करते? कायदे असूनही कार्यालयांत पायऱ्याच का?

आपल्या वडिलांना पक्षाघातानंतर व्हीलचेअर लागते आणि दस्तनोंदणीसाठी पहिल्या मजल्यावरच्या कार्यालयात त्यांना चौघांनी खुर्चीसकट उचलून न्यावे लागले, असे आपण लिहिले आहे. मी स्थापत्य अभियंता आहे आणि लहानपणीच्या पोलिओमुळे डाव्या पायात कॅलिपर (पायाला आधार देणारी धातूची चौकट) वापरतो; त्यामुळे असे जिने मला नकाशातूनही ठाऊक आहेत आणि चढूनही. कायदे पुरेसे आहेत. मात्र त्यांची अंमलबजावणी जिथे व्हायची, तिथे बंधनाच्या जागी दर वेळी शिफारस आली, असे माझे मत आहे.

१९९५च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सार्वजनिक इमारतींतील रॅम्प आणि व्हीलचेअर जाईल अशी स्वच्छतागृहे यांची तरतूद होती, पण ती 'आर्थिक कुवत व विकासाच्या मर्यादेत' राहून करायची होती, आणि निधी नाही असे म्हणायला कोणत्याही कार्यालयाला एवढी पळवाट पुरेशी होती. २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार स्वीकारला, ३ डिसेंबर २०१५ रोजी इमारती, वाहतूक आणि संकेतस्थळे यांसाठी सुगम्य भारत अभियान सुरू झाले आणि २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. या अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केलेच, शिवाय कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीला बांधकाम परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र देण्यास मनाई केली, तर कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारती सुधारण्यासाठी नियम लागू झाल्यापासून ५ वर्षांची मुदत घातली. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे ही मुदत जून २०२२ मध्येच संपली. अभियानाच्या मुदतीही अशाच पुढे ढकलल्या जात राहिल्या.

आता खरी मेख. अधिनियमाला बंधनकारक मानके अपेक्षित होती. पण नियम १५ मध्ये सरकारने ज्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवले, त्यांची भाषा 'असावे', 'असल्यास बरे' अशा धर्तीची होती. दृष्टिहीन याचिकाकर्ते राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमके यावरच बोट ठेवले: नियम १५(१) मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक मानके तीन महिन्यांत वेगळी काढण्यास केंद्राला सांगितले. याचिकेपासून या निकालापर्यंत १९ वर्षे गेली.

बंधन आणि शिफारस यांतला फरक जागेवर कसा दिसतो, ते पाहा. रॅम्पचा उतार जास्तीत जास्त १:१२ हवा, म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबी. कार्यालयापुढे १५० मिलिमीटरच्या तीनच पायऱ्या असल्या, तरी ४५० मिलिमीटर चढण्यासाठी ५.४ मीटर रॅम्प लागतो आणि खुर्ची थांबवायला व वळवायला वर-खाली सपाट जागा लागते, ती वेगळी. एवढी जागा जोत्याची उंची ठरतानाच राखून ठेवावी लागते. नंतर आठवण झाली की उरलेल्या दोन मीटरांत सिमेंटची घसरगुंडी ओतली जाते, तिच्यावर गुळगुळीत फरशी बसते, पुढे दुचाक्या उभ्या राहतात आणि तपासणीच्या कागदावर 'रॅम्प आहे' अशी नोंद होते. असल्या उतारावरून मला कॅलिपर घालून उतरणे पायऱ्यांपेक्षा कठीण जाते. खुर्चीवरच्या माणसाला तर मागे धरायला कोणी असल्याशिवाय तो वापरताच येत नाही. शिवाय रॅम्प चढून गेल्यावर काम पहिल्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल, तर रॅम्पचा उपयोग काय, हे आपण अनुभवलेच आहे.

संगणकीय सेवांमुळे जिना टळतो हे खरे, पण तिथेही उंबरठे आहेत. डोळ्यांची उघडझाप करून ओळख पटवण्याची अट अ‍ॅसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांना पूर्ण करता येत नव्हती. त्यावर एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसीची (ग्राहकाची ओळख पडताळण्याची) पद्धत बदलण्याचे निर्देश दिले.

आपल्या कामापुरते एक सांगतो, कारण कार्यालये हे आपणहून क्वचितच सांगतात. १९०८च्या नोंदणी अधिनियमातील कलम ३८ नुसार, शारीरिक दुर्बलतेमुळे धोका किंवा मोठी गैरसोय सोसल्याशिवाय येऊ न शकणाऱ्या व्यक्तीला कार्यालयात हजर राहण्यापासून सूट आहे. तिचा जबाब अधिकाऱ्याने घरी येऊन घ्यायचा किंवा त्यासाठी आयोग नेमायचा, म्हणजे जबाब घेण्याचे काम दुसऱ्या व्यक्तीकडे सोपवायचे. आपल्याकडे याला गृहभेट म्हणतात. पुढच्या दस्ताच्या वेळी तसा लेखी अर्ज करावा. अर्थात गृहभेटीमुळे वडिलांची सोय होईल, जिना मात्र पुढच्या माणसासाठी तसाच राहील.

त्या जिन्यासाठी तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. आयुक्तालय पुण्यात आहे. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, पण त्यांचा निष्कर्षही शिफारस म्हणूनच जातो (हा शब्द इथेही सुटत नाही). फरक एवढाच की संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी लागते किंवा नकाराची कारणे द्यावी लागतात. २०१६च्या दिव्यांग अधिनियमातील कलम ८९ नुसार पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येकाला ५०,००० ते ५ लाख रुपये दंड आहे. तक्रारीत 'गैरसोय होते' एवढेच लिहू नये. टेप घेऊन पायऱ्यांची संख्या व उंची, दाराची रुंदी, रॅम्प असल्यास त्याची लांबी आणि चढ मोजावेत, छायाचित्रे जोडावीत, कलम ४५ आणि जून २०२२ची मुदत यांचा उल्लेख करावा आणि पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये.