शेपटी पुढे, धूमकेतू मागे

प्रश्न : ऑक्टोबर २०२४ मध्ये, दसरा झाल्यावर, आमच्या शेतातून दिवस मावळल्यावर पश्चिमेला नुसत्या डोळ्यांनी धूमकेतू दिसला. शेपटी वर होती, म्हणून तो खाली उतरत असावा असे आम्हांला वाटले. पण तो रोज आदल्या दिवसापेक्षा वरच दिसे. पुढे आठवड्याभरात दिसेनासा झाला. असे का?
— एक वाचक, भूम (जि. धाराशिव)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. रोज त्याच वेळी पाहिल्याशिवाय ही गोष्ट ध्यानात येत नाही. तो त्सुचिनशान-ॲटलस हा धूमकेतू होता. २७ सप्टेंबरला तो सूर्यापासून सुमारे ५.९ कोटी किलोमीटरवरून वळसा घालून गेला आणि १२ ऑक्टोबरला, ऐन दसऱ्याच्या दिवशी, पृथ्वीपासून सुमारे ७ कोटी किलोमीटरवर आला. म्हणजे आपल्याला दिसला तेव्हा तो सूर्याकडून परत निघालेला होता. शेपटी मागे फरफटत यायला अंतराळात हवा नसते. उन्हाने धूमकेतूतील बर्फाची वाफ होते, तिच्याबरोबर धूळ सुटते, आणि त्या धुळीला सूर्यप्रकाशाचा दाब, तर विद्युतभारित वायूला सौरवारा (सूर्यातून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत) सूर्यापासून दूर लोटतो. सूर्य क्षितिजाखाली असल्याने शेपटी वर होती आणि धूमकेतूही तिकडेच निघाला होता.

तो इतक्या लवकर मंदावला, याचे मुख्य कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. मळणीयंत्रातून उडणारी सोयाबीनची धूळ मावळतीकडे तोंड करून पाहिली तर लखलखते, पाठ करून पाहिली तर जेमतेम दिसते. ९ ऑक्टोबरच्या सुमारास धूमकेतू जवळजवळ पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधे असल्याने त्याची धूळ अशीच उजळली होती, मात्र सूर्याच्या अगदी लगत असल्यामुळे तेव्हा तो सहज दिसत नव्हता. म्हणजे त्याची सर्वाधिक तेजस्विता आपल्याला दिसण्याआधीच सरली होती. १२ तारखेनंतर तो सूर्य आणि पृथ्वी या दोहोंपासून दूर जाऊ लागला, त्यातच १६ तारखेला कोजागरी आली आणि चांदण्यात शेपटीचा फिकट भाग बुडाला. कोजागरीनंतर चार-पाच दिवसांनी चंद्र उशिरा उगवू लागला, तेव्हा गावाच्या दिव्यांपासून दूर, साध्या दुर्बिणीतून तो अजूनही दिसू शकत होता.