गाणं रेकॉर्ड करताना 'टक् टक्' येतं, हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो. ८ जीबी रॅमची १६ करू का?

तूर्त नको. तुम्ही लिहिलंय की एक माइक, यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपला पोचवणारी डबी), विंडोजचा लॅपटॉप आणि एका वेळी गाणं किंवा पेटी. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एका माइकचं रेकॉर्डिंग मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा घेतं. एवढ्याने ८ जीबीवाला लॅपटॉप दमत नाही. मोठ्या सॅम्पल लायब्ररीतून (म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या वाद्यांच्या संग्रहातून) व्हायोलिनचा ताफा वाजवायला लागलात की रॅमचं बघू.

गडबड वेळेची आहे. आवाज बफरच्या, म्हणजे थोडा वेळ साठवून ठेवायच्या जागेच्या, तुकड्यातुकड्यांनी आत-बाहेर होतो. बफर २५६ सॅम्पलचा (४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापं, त्यातलं एक म्हणजे एक सॅम्पल) असेल तर दर ५.३ मिलिसेकंदांनी पुढचा तुकडा तयार हवाच. तबलजीचा हात कितीही तयार असू दे, सम हुकली की बैठकीत शेवटच्या माणसालाही कळते. तसंच इथे. एक तुकडा उशिरा आला की टक्.

माझ्याकडे दर पंधरा-वीस सेकंदांनी एक टक् यायचा, आणि नेमका आलापात. आधी केबल बदलली, मग मित्राचा माइक आणून पाहिला, शेवटी पेटीच्या भात्यावरच संशय घेतला. मग कुणीतरी लेटन्सीमॉन सुचवलं, म्हणजे कुठला ड्रायव्हर (यंत्राचा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) आवाजाला अडवतोय ते दाखवणारा प्रोग्रॅम. फुकट आहे. दहा मिनिटं चालू ठेवलं तर पट्टी लाल, आणि ड्रायव्हरांच्या यादीत सगळ्यात वर एनडीआयएस.सिस, म्हणजे विंडोजचा नेटवर्कचा भाग. वाय-फाय बंद केलं, टक् गेला. नवी केबल अजून कपाटात आहे.

तेव्हा आधी लेटन्सीमॉन चालवा. रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद. पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर, त्याच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' डिसेबल. क्लाउडचं सिंकिंग थांबवा. प्रोजेक्टचं फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा; अख्खा अँटिव्हायरस काढून टाका असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. इंटरफेस हबमधून नको, थेट लॅपटॉपला जोडा.

आता उशीर. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (कमी उशिरात आवाज आत-बाहेर नेणारा) टाकलाय ना? विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर चालवत असाल तर निम्मं दुखणं तिथेच आहे. बफर १०२४ ठेवला तर जाता-येता मिळून ४३ मिलिसेकंद होतात. हवेत तेवढ्या वेळात आवाज जवळपास पंधरा मीटर जातो, म्हणजे स्वतःचं गाणं हॉलच्या दुसऱ्या टोकाहून ऐकल्यासारखं. गाताना १२८ किंवा २५६ ठेवा, मिक्सिंगला बसलात की १०२४ करा, तेव्हा उशिराने काही बिघडत नाही. गाताना ट्रॅकवर रिव्हर्ब (घुमारा) आणि चार प्लगइन (आवाजावर परिणाम करणारे जोड-प्रोग्रॅम) लावून ठेवू नका. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असेल तर मग प्रश्नच मिटला: तुमचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो. तेवढं करून सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर एकाचे दोघे गायला लागतात.

९६ किलोहर्ट्झचा हट्ट धरू नका. काम दुप्पट होतं, आणि घरात पंखा बंद केल्यावरही खालच्या रिक्षाचा हॉर्न तितक्याच स्पष्टपणे रेकॉर्ड होतो.

चार्जर लावल्यावर खर्जात घुंऽऽ येत असेल तर ती वेगळी भानगड. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, आणि बऱ्याच घरांत तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग नावापुरतंच असतं. चार्जर काढला की घुंऽऽ जाते, पण बॅटरीवर लॅपटॉप स्वतःहून मंदावतो आणि टक् परत येतो. मी वायरमनकडून एका सॉकेटचं अर्थिंग नीट करून घेतलं, लॅपटॉप आणि स्पीकर दोन्ही त्याच बोर्डवर लावतो.

लेटन्सीमॉनच्या यादीत वर दुसऱ्याच ड्रायव्हरचं नाव आलं तर इथे लिहा, बघतो.