‘न्यूट्रलवर घाट’ आणि गॅरेजमधले इतर शब्द

पावसाळा सरून दुचाकी गाड्या सर्व्हिसिंगला येऊ लागल्या की वाचकांच्या पत्रांतही तेच ते शब्द पुन्हा दिसू लागतात. शब्द सगळ्यांच्या तोंडी असतात, अर्थ मात्र ज्याचा त्याचा वेगळा असतो. त्या गोंधळापायी कधी नको तो खर्च होतो, तर कधी अत्यावश्यक दुरुस्ती राहून जाते. म्हणून एकदा सविस्तर उत्तरे देत आहे.

गुहागरहून एक वाचक विचारतात: सीसी जास्त म्हणजे गाडीची ताकद जास्त, असे समजावे का?

नाही. पिस्टन खालून वर येताना सिलिंडरमधली जेवढी जागा व्यापतो, तिचे घन सेंटिमीटरमधले माप म्हणजे सीसी. उदाहरणार्थ, स्प्लेंडरच्या सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, 50 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव, म्हणजे स्ट्रोक, 49.5 मिलिमीटर आहे. त्यावरून घनफळ काढले की 97.2 सीसी येतात. ताकद बीएचपीत आणि ओढ टॉर्कमध्ये मोजतात. आपल्या चढउताराच्या रस्त्यांवर डबलसीट फिरणाऱ्याने टॉर्कचा आकडा आणि तो किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना मिळतो, हे आधी पाहावे.

देवरूखहून प्रश्न: नव्या गाडीला चोकच नाही. थंडीत सकाळी काय करावे?

काहीही करू नये. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 या प्रदूषणाच्या निकषांनंतर बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले असून, थंड इंजिनाला लागणारे जादा पेट्रोल ते स्वतःच मोजून देते.

लांज्याहून प्रश्न: मोटारीचे महागडे ऑइल घातल्यापासून क्लच ‘स्लिप मारतो’. क्लच प्लेटा गेल्या का?

स्लिप मारणे म्हणजे रेस वाढते, इंजिन ओरडते, पण त्या प्रमाणात गाडी पुढे जात नाही. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि मोटारीच्या अनेक ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती प्लेटांची पकडही घालवतात. डब्यावर जासो (JASO) एमए किंवा एमए2 ही दर्जाची खूण पाहूनच ऑइल घ्यावे. एमबी ही खूण वेगळ्या रचनेच्या क्लचच्या स्कूटरींसाठी असते. आधी ऑइल बदलून आणि क्लचच्या केबलचा ढिलेपणा तपासून घ्यावा, त्यानंतरही क्लच सरकत असेल तरच प्लेटा उघडून दाखवायला सांगावे. न उघडताच ‘प्लेटा गेल्या’ म्हणणाऱ्या मेकॅनिकवर विसंबू नये.

मालवणहून प्रश्न: सायलेन्सरमधून धूर येतो. एकाने ‘बोअर करा’ सांगितले, दुकानदाराने ऑइलमध्ये घालायची बाटली दिली.

धुराचा रंग कळवलेला नाही, आणि सारे त्यावरच ठरते. सकाळी चालू करताना थोडा वेळ येणारी पांढरी वाफ ओलाव्याची असते. निळसर धूर म्हणजे गाडी ‘ऑइल खाते’. तो रात्रभर उभ्या गाडीला सुरुवातीलाच येत असेल तर व्हॉल्व्हच्या सीलचा संशय घ्यावा, रेस दिल्यावर वाढत असेल तर पिस्टनवरच्या रिंगांचा. बोअर करणे म्हणजे झिजलेला सिलिंडर किंचित मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन बसवणे, आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासल्याशिवाय त्या खर्चात पडू नये. बाटलीतल्या औषधाने झिजलेले लोखंड भरून येत नाही.

चिपळूणहून प्रश्न: कुंभार्ली घाट न्यूट्रलवर, चावी बंद करून उतरला तर पेट्रोल वाचते, असे सगळेच म्हणतात. गाडीला एबीएस ही ब्रेकची यंत्रणा आहे, मग त्यात धोका आहे का?

धोका आहे, आणि एबीएसमुळे तो तसूभरही कमी होत नाही. हा प्रश्न मला दर वर्षी येतो, आणि विचारणारा बहुधा आधीच तसा घाट उतरलेला असतो, याची मला खरोखर काळजी वाटते.

‘गाडी गिअरवर उतरव’ असे जुने चालक सांगतात, त्यामागे साधे यंत्रशास्त्र आहे. गिअर टाकलेला असताना रेस सोडली की मागचे चाक इंजिनाला फिरवू लागते, आणि इंजिनाचा तो अडथळा गाडीला मागे धरून ठेवतो. यालाच इंजिन ब्रेकिंग म्हणतात. न्यूट्रल केल्याबरोबर हा आधार सुटतो आणि गाडीचा, दोन माणसांचा व सामानाचा सगळा भार एकट्या ब्रेकांवर येतो. ब्रेक हा वेगाचे उष्णतेत रूपांतर करतो. वळणामागून वळण येत असताना ती उष्णता बाहेर पडायला अवधी मिळाला नाही, तर ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनर त्याला नीट टेकत नाही आणि पाय दाबूनही गाडी थांबत नाही.

डिस्क असली तरी निश्चिंत राहू नये. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो तो ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतली ओल शोषतो, आणि आपली हवा तर बारा महिने दमट असते. डॉट 4 दर्जाच्या कोऱ्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल शोषलेल्या द्रवासाठी हीच किमान मर्यादा 155 अंश आहे. घाटात तो उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, दाब त्या वाफेतच जिरतो आणि लिव्हर पोकळ लागतो. एकदा घाट उतरून थेट माझ्याकडे आलेल्या गाडीचा पुढचा लिव्हर ग्रिपला टेकत होता, डिस्क निळी पडली होती आणि ब्रेकच्या द्रवाच्या टाकीचे झाकण उघडल्यावर आतला द्रव कोऱ्या चहाच्या रंगाचा निघाला. चार वर्षांत तो एकदाही बदललेला नव्हता. मागच्या सीटवर त्या गृहस्थांच्या पत्नी होत्या आणि त्यांच्या मांडीवर लहान मूल होते.

एबीएसचे काम एवढेच की जोरात ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ द्यायचे नाही. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरील गाड्यांना ते सक्तीचे झाले, म्हणून विक्रेते त्याचा गाजावाजा करतात. पण ते तापलेला ब्रेक थंड करत नाही आणि चावी बंद केली की तेही बंद पडते. सोबत हॉर्न आणि ब्रेकचा लाल दिवाही जातो, म्हणजे मागच्या ट्रकला तुम्ही थांबत आहात हेसुद्धा कळत नाही. राहिली पेट्रोलची गोष्ट. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत गिअरमध्ये रेस पूर्ण सोडली की पेट्रोल आपोआप तुटते, उलट चालू इंजिनावर न्यूट्रल ठेवल्यास ते जळतच राहते.

तेव्हा ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा, ब्रेक सतत दाबून न धरता लावत आणि सोडत चला. लिव्हर पोकळ लागला तर गिअर उतरवत वेग कमी करून सुरक्षित जागी थांबा, पण तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. ब्रेकचा द्रव साधारण दर दोन वर्षांनी बदलून ‘हवा काढून’ घ्या, म्हणजे ब्लीडिंग करून घ्या, आणि हे काम घरी न करता जाणत्या मेकॅनिककडूनच करवा.

वेंगुर्ल्याहून प्रश्न: गंज लागू नये म्हणून गाडीला खालून डिझेल मारून घ्यावे का?

घेऊ नये. डिझेल उडून ब्रेकच्या लायनरवर गेले तर ब्रेक घसरतो आणि रबरी भागही फुगतात. पुळणीवर गाडी नेली असेल तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवावी, सुकल्यावर चेनला चेनचेच वंगण लावावे.

खेडहून प्रश्न: गाडी रात्रभर पुराच्या पाण्यात होती. आता वाळली आहे, किक मारून पाहू का?

मुळीच नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे किक किंवा स्टार्टरच्या जोराने पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. बाहेरून वाळलेली गाडी आतून वाळलेली नसते. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या पुरानंतर कितीतरी गाड्या विम्याची किंवा मेकॅनिकची वाट पाहत आठवडाभर तशाच उभ्या राहिल्या आणि तेवढ्यात आत गाळ बसून बेअरिंगा गंजल्या. गाडीचे फोटो काढून विमा कंपनीला आजच कळवा आणि गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून गॅरेजला न्या. प्लग काढून पाणी बाहेर टाकणे, ऑइल, एअर फिल्टर आणि टाकीतले पेट्रोल बदलणे ही कामे मेकॅनिकने करेपर्यंत चावीसुद्धा फिरवू नका.